न वाजलेला भोंगा

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे पाठीमागे ‘शंकासूर’ म्हणायचे. यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम सांभाळणं हे तिचं काम. घरीही ती गॅसचं बटण तीनदा तपासायची. नवरा म्हणायचा, “चौथ्यांदा मी बघतो, तू चपला घाल.”

बाटल्या उचलणाऱ्या लोखंडी हाताला क्षणाचाही उशीर चालत नसे. म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिनेच तिथल्या संगणकावर नवा रिअल-टाइम कर्नल बसवला होता. कर्नल म्हणजे संगणकाचा मुख्य कारभारी. हा नवा कारभारी वेळेचा पक्का. प्रोग्रॅमच्या प्रत्येक गटाला त्याने मेमरीची मर्यादा घालून दिलेली. मेमरी ऐंशी टक्के भरली की भोंगा वाजावा आणि ऑपरेटरने बाटल्यांचे जुने फोटो पुसून जागा करावी, ही सोय आधीपासूनचीच.

एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. बाटल्यांचे फोटो तपासणारा प्रोग्रॅम मर्यादेला धडकला, कर्नलने तो तिथेच मारून टाकला. हात थांबला, साच्यांत काच थिजली.

“भोंगा आपोआप मुका होत नाही,” ती मॅनेजरना म्हणाली. “कुठंतरी पाणी मुरतंय.”

तिचा संशय ऑपरेटरदादांवर. गेल्या वर्षी तेच म्हणाले होते, “ताई, या भोंग्यानं डोकं उठतं हो. बंद नाही का करता येत?” आणि चार दिवसांची सुट्टी संपवून ते नेमके त्याच सकाळी कामावर आले होते. ती त्यांच्यावर डोळा ठेवू लागली. फोनवर हसले, का हसले? हातात फडकं कशाला? एका दुपारी ते संगणकाच्या कपाटाचं दार लावताना दिसले.

“आत काय करत होता?”

“पंख्याची जाळी पुसत होतो. धूळ बसते.”

जाळी खरंच स्वच्छ होती. आजच बरी स्वच्छ, असं तिच्या मनात आलं. तिने तक्रार केली. दादांना पॅकिंगमध्ये हलवलं.

त्या सकाळपासून नवव्या दिवशी पुन्हा तेच. भोंगा नाही, हात बंद. जाताना काही करून गेले असतील, हाच तिचा पहिला विचार. पण मग तिने स्वतः मुद्दाम मेमरी भरत नेली. ऐंशी, नव्वद, पंचाण्णव. सगळं शांत. जुन्या कर्नलच्या संगणकावर तोच प्रयोग केला, तर भोंगा ठणाणा वाजला.

तिने नव्या कर्नलचा कोड उघडला. मेमरी भरत आल्याचे असले इशारे कर्नल बनवणाऱ्यांनीच रिअल-टाइममध्ये बंद ठेवले होते. ते हाताळताना वेळेची हमी मोडली असती. तिचा प्रोग्रॅम इशारा मागायचा तेव्हा कर्नल दर वेळी ‘ही सोय नाही’ असं स्पष्ट सांगत होता. प्रोग्रॅम ते उत्तर वाचतच नव्हता. ती ओळ तिनेच लिहिली होती.

ती थेट पॅकिंगमध्ये गेली आणि चूक आपलीच होती, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. दादा खोक्याला टेप लावत होते.

“दोन महिने भोंगा नव्हता, ताई. मला वाटलं, तुम्ही माझं ऐकलंत. म्हणून मीच रोज जागा करून ठेवायचो. सुट्टीच्या चार दिवसांत तेवढं राहिलं.”

“मला बोलला का नाहीत?”

“तुम्ही विचारलं कुठं?”

तिने दर सेकंदाला आपणहून मेमरी बघणारा आणि ती भरत आली की भोंगा वाजवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. दादा परत आले, पण महिन्याभराने. बरेच दिवस दोघं कामापुरतंच बोलत.