कालचा पेपर

थेरगावात बर्फ पडत नाही. हे गायकवाड काकांनाही माहीत होतं. तरीही दिवाळीचे आकाशकंदील उतरले की पुढच्या रविवारी ते आपली मोटारसायकल हिवाळ्यासाठी साठ्यात घालत. 'साठ्यात घालणे' हा त्यांचा शब्द. बाकीची बिल्डिंग 'काकांनी गाडी झोपवली' म्हणायची, आणि काका ते ऐकू आलंच नाही असं दाखवायचे.

तो कार्यक्रम सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि जेवणापर्यंत चालायचा. टाकी काठोकाठ भरलेली, म्हणजे आत गंज धरत नाही. कार्बोरेटरमधलं पेट्रोल मात्र काढून टाकायचं. प्लग काढून आत चमचाभर ऑइल. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा, उंदीर शिरू नये म्हणून. चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली लाकडी ठोकळे. बॅटरी सोडवून घरात, पलंगाखाली, पाटावर. काकू म्हणायच्या की त्यांच्या घरात जावयालासुद्धा तो पाट मिळालेला नाही. शेवटी गाडीवर काकूंच्या जुन्या साड्यांची गोधडी, कारण प्लास्टिकच्या कव्हराखाली ओल धरते. आणि हँडलला दोरीने बांधलेला पुठ्ठा: 'साठ्यात आहे. हात लावू नये.' खाली सही. शिवजयंतीपर्यंत ती गोधडी निघत नसे.

दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने एकदा विचारलं, "काका, तुम्ही काश्मीरला राहता का राव?" काका ठोकळा ठोकत म्हणाले, "तयारी हवामान बघून करत नाहीत." तो भाडेकरू वर्षभराने रावेतला राहायला गेला. काकांचं वाक्य इथेच राहिलं.

देहूरोडच्या लष्करी डेपोत काकांनी तेहतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली होती. तिथे गाड्या महिनोन्‌महिने उभ्या राहायच्या आणि मागितल्या की अर्ध्या तासात सुरू व्हायच्या, असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताशी एकच गाडी उरली, शंभर सीसीची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. मग सगळा डेपो तिच्यावरच चालू झाला. ते मला जिन्यात भेटले की 'जयभीम' म्हणायचे, माझ्या वडिलांना 'रामराम' म्हणायचे आणि आमच्या स्कूटरकडे बघून काहीच म्हणायचे नाहीत.

हिवाळ्यात गाडी का चालवत नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं होतं: गाडीला गारठा सोसत नाही. खरी गोष्ट सगळ्या बिल्डिंगला माहीत होती. काकांना दमा होता, आणि थंडीत गाडीवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उन्हाळ्यात ते गाडी बाहेर काढताना आधी टायर दाबून बघत, मग खिशातला पंप तोंडाला लावून दोनदा ओढत आणि म्हणत, "दोन्हीकडे हवा भरली." दम्याबद्दल यापेक्षा जास्त मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

मी चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले ती ऑगस्टमध्ये. काम क्वालिटीचं, म्हणजे लाइनवरून येणारा प्रत्येक पार्ट गेज लावून तपासायचा. सहा महिने नीट काढले की जानेवारीअखेर कायम होणार होते. अट एकच, आणि ती एचआरच्या बाईंनी हसतमुखाने सांगितली होती: सातच्या शिफ्टला तीनदा उशीर झाला की पुढचा विषय काढायचा नाही. कंपनीच्या बसमध्ये ट्रेनींना जागा नव्हती. वडील धाराशिवहून ज्या कंपनीसाठी इथे आले होते ती दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती, आणि ते आता एका शोरूमवर वॉचमन होते. घर माझ्या कायम होण्याकडे डोळे लावून बसलं होतं.

आमच्या स्कूटरला मात्र यातलं काही सांगितलेलं नव्हतं. नोव्हेंबर संपताना थंडी पडली आणि ती सकाळी सुरू होईनाशी झाली. एकदा मी सात-बाराला पोचले. आठवड्याने सात-वीसला. त्या दिवशी घरी आले तेव्हा काका पार्किंगमध्ये गोधडीवरची धूळ झटकत होते.

"किती झाले?" त्यांनी विचारलं. तीन उशिरांची अट बिल्डिंगभर माहीत होती, आणि सकाळी माझ्या किका त्यांनी भिंतीआडून मोजल्या असणार.

"दोन."

"आणि तिसऱ्याला?"

"तिसऱ्याला घरी."

काका आत गेले. मला वाटलं, विषय संपला. तासाभराने आईने खिडकीतून हाक मारली म्हणून बघितलं, तर गाडीवरची गोधडी निघाली होती, घडी करून पायरीवर ठेवली होती, आणि काका बॅटरी बसवत होते. काकू दारात उभ्या होत्या. त्या मावळातल्या, आणि त्यांना हळू बोलता येत नसे. "अकरा वर्सं झाली," त्या सगळ्या बिल्डिंगला सांगत होत्या, "म्या म्हटलं म्हून कदी गोदडी काडली न्हाई ह्यांनी. माज्या भावाच्या लग्नालाबी रिक्षानं ग्येलो."

मी खाली जाऊन नको नको म्हणाले. काकांनी पाना खाली ठेवला. "साठा कशासाठी असतो?" ते म्हणाले. "वेळेला निघावा म्हणून. नाहीतर त्याला अडगळ म्हणतात."

पण गाडी अशीच मिळाली नाही. काकांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. त्यात कारण म्हणून मी 'कामावर जाण्यासाठी' असं लिहिलं. काकांनी वाचलं आणि कागद परत केला. "'वेळेवर' राहिलं," ते म्हणाले. मी तो शब्द वर घुसवला. मग त्यांनी सही केली आणि त्या क्षणापासून मला 'मॅडम' म्हणायला लागले, कारण डेपोत माल न्यायला आलेल्या माणसाला नावाने हाक मारत नसत.

पुढचा आठवडाभर संध्याकाळी शिकवणी चालली. चोक ओढायचा, तीन किका, आणि गाडी सुरू झाली की लगेच पिळायची नाही. "पहिली दोन मिनिटं तिच्याशी बोलायचं नाही," ते सांगायचे. "मीपण चहाच्या आधी कोणाशी बोलतो का?" दव पडलेल्या रस्त्यावर ब्रेक आधीपासून, हळूहळू. मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर धुकं असतं, तिथे रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरायची, पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरायचा नाही. "ट्रकच्या मागे गेलात तर ट्रकच्या कंपनीत पोचाल." मला हा विनोद वाटला. डिसेंबरात एका सकाळी मी खरंच एका ट्रकच्या मागे गेले आणि भलत्याच कंपनीच्या गेटवर पोचले. तिथल्या सिक्युरिटीने माझ्याकडे मालाची पावती मागितली. तिथून वळून सहा एकोणसाठला मी आमच्या गेटवर पंच केला. काकांना सांगितलं तेव्हा ते फक्त "माल कुठला होता?" एवढंच म्हणाले.

सगळ्यात मोठी विद्या मात्र पेपरची. स्वेटर आणि जॅकेट घालूनही गाडीवरचा वारा छातीत घुसतो. त्यावर काकांचा इलाज म्हणजे जॅकेटच्या आत वर्तमानपत्र. "आजचा पेपर वाचायला, कालचा घालायला," हे त्यांचं वचन. मी म्हटलं, आता बातम्या सगळे मोबाईलवरच वाचतात. काकांनी विचारलं, "मोबाईल छातीला बांधून थंडी थांबते का?" पेपर कसा घालायचा याचेही नियम होते. चार घड्या, वरची कड गळ्याच्या खाली दोन बोटं, आणि निधनवार्तांचं पान नेहमी बाहेरच्या बाजूला. "त्यांचं थंडीचं काम संपलं," काका म्हणायचे. "आतल्या बाजूला चालू बातम्या ठेवायच्या."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या दाराच्या कडीला कालचा पेपर अडकवलेला असायचा. घडी घातलेला, पान बाहेरच्या बाजूला. तो घालून मी पुलावरून जायचे तेव्हा थंडी हातापायाला लागायची, छातीला लागायची नाही.

एका सोमवारी घाईत मी पेपर न काढताच लाइनवर उभी राहिले. पार्ट उचलायला वाकले की खरखर, ठेवायला वळले की खरखर. सुपरवायझर थांबले. म्हणाले, मशिनला आवाज येतोय. मेंटेनन्सचे दोघे आले, त्यांनी झाकण काढलं, पट्टा ताणून बघितला, एकाने कान लावला. मी श्वास रोखून उभी होते, त्यामुळे आवाजही थांबला. त्यांनी वंगण घातलं आणि दुरुस्त झालं असं लिहून ते गेले. संध्याकाळी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रविवारची पुरवणी काढायची राहिली माझ्याकडून. गुळगुळीत कागद वाजतो. चूक माझी." आणि खरंच, त्यानंतर पुरवणी आली नाही.

एक गोष्ट मात्र मला आवडत नव्हती. रोज पावणेसहाला मी गाडी काढायचे तेव्हा काका पार्किंगमध्ये उभे असायचे. माकडटोपी, मफलर, हात मागे बांधलेले. मी जाईपर्यंत हलायचे नाहीत. काकू आतून ओरडायच्या, "आवं, आत या. वैशाले, तू तरी सांग ह्यांना. गारठ्यात हुबं ऱ्हात्यात. माजं ऐकत न्हाईत." मी सांगितलं, एकदा नव्हे, अनेकदा. काका म्हणाले, "माल बाहेर जाताना गेटवर स्टोअरकीपर लागतो, मॅडम." मी फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर मला ते तिथे उभे असलेले हवे असायचे. अंधारात एवढ्या लांब जाताना कोणीतरी आपली वेळ बघतंय, या गोष्टीचा मला आधार वाटायचा.

संक्रांतीनंतर काका दोन दिवस दिसले नाहीत. पेपर मात्र कडीला होता. तिसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं. मी शिफ्ट संपवून गेले तेव्हा त्यांच्या नाकातोंडावर मास्क होता. तो त्यांनी बोटाने जरा बाजूला केला आणि विचारलं, "किती झाले?"

"अजून दोनच," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि मास्क नीट बसवला. ते आमचं शेवटचं बोलणं. बुधवारी दुपारी ते गेले. संध्याकाळी सगळं उरकलं.

मी गुरुवारची रजा मंजूर करून घेतली. रजेला कंपनीची हरकत नव्हती, हरकत फक्त उशिराला होती. दिवसभर मी गायकवाडांच्या घरी आल्यागेल्याला पाणी देत होते. काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या कोणाशीच बोलत नव्हत्या, पण मला वाटत होतं की फक्त माझ्याशी बोलत नाहीत. रोज पहाटे गारठ्यात ते माझ्यासाठी उभे राहिले म्हणून असं झालं का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी हिंमत नव्हती. घरी येऊन आईला सांगितलं की उद्यापासून मी ती गाडी काढणार नाही. जे व्हायचं ते होऊ दे. आई म्हणाली, "लेकरा, त्यायनी गाडी कशासाठी दिलती?"

शुक्रवारी पाचला जाग आली ती सवयीने. स्कूटर सुरू होते का बघावं म्हणून मी दार उघडलं. कडीला पेपर होता.

कालचा, म्हणजे गुरुवारचा. घडी काकांसारखी नव्हती. कडा जुळल्या नव्हत्या, वरची बाजू खाली गेली होती, गुळगुळीत पुरवणी आत तशीच राहिली होती. पण चार घड्या होत्या, आणि निधनवार्तांचं पान बाहेरच्या बाजूला होतं. त्यात तळाला, दुसऱ्या रकान्यात, पासपोर्ट साइझ फोटोतले काका होते, डेपोतून निवृत्त होतानाचे, मिशी काळी असलेले.

मी खाली गेले. पार्किंगमध्ये काकूंनी काकांची माकडटोपी घातली होती आणि हात मागे बांधून त्या गाडीपाशी उभ्या होत्या. डोळे सुजलेले होते. मी पुढे होऊन त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं.

"जा," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलल्या. "उशीर झाल्याला त्यांना चालायचा न्हाई."

मी चोक ओढला. तीन किका मारल्या. दोन मिनिटं गाडीशी आणि काकूंशी काही बोलले नाही. मग पेपर उघडला, आणि काकांचा नियम मोडून ते पान आतल्या बाजूला घेऊन घडी घातली. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. पुलावर धुकं होतं. मी पांढरी पट्टी धरली. सहा बावन्नला पंच केला.

त्या दिवशी मी पेपर मुद्दामच काढला नाही. दुपारी सुपरवायझर लाइनवर थांबले आणि म्हणाले, मशिनला पुन्हा आवाज येतोय. मेंटेनन्सचे दोघे आले. त्यांनी झाकण काढलं, वंगण घातलं, कान लावला. आवाज काही थांबला नाही. मी पार्ट उचलत होते, गेज लावत होते, ठेवत होते. त्यांना मी काही सांगितलं नाही.