शनिवारची फेरी

"वरची ताई चाळीस मोटारींला एकच बेअरिंग बसवायला बघती."

खालून हे ऐकू आलं तेव्हा मी जिन्यात होते. चप्पल हातात होती. जिना उतरताना चप्पल हातात घ्यायची मला सवय होती, म्हणजे कुणाला चाहूल लागत नसे आणि कुणी हाक मारत नसे.

"बसतंय का मग?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

"बसलं असतं तर भर दुपारी वरचा पंखा चालू ऱ्हायला असता का?"

दोघं हसले. मी आल्या पावली वर गेले आणि पंखा बंद केला.

बोलणारे होते औताडेमामा. मुकुंदवाडीत आमच्या घराच्या खालच्या गाळ्यात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पाण्याच्या मोटारींची तार उपसून नवी भरायची, हा धंदा. मूळचे गंगापूर तालुक्यातले. घरची शेती भावाकडे, आणि हे शहरात. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नीट झालेला नव्हता. बीड बायपासला नव्या इमारतींवर इमारती उठत होत्या आणि नळाला मात्र पाच-सहा दिवसांनी पाणी येत होतं. बोअर आटल्यावर कोरड्या चालून मोटारी जळायच्या, त्यामुळे शहरात सगळ्यात जास्त काम बहुधा मामांकडेच होतं. त्याची त्यांना लाज वाटायची. "दुसऱ्याची तहान आपली भाकर झाली," असं म्हणून ते मजुरी सांगताना मान खाली घालायचे.

मी तेव्हा दीड वर्षाची नोकरी संपवून पुण्याहून परत आले होते. संपवून म्हणजे, प्रोजेक्ट संपला आणि आमची गरजही संपली. मी काही फार हुशार डेव्हलपर नव्हते. दिलेलं काम वेळेत करायचे, एवढंच. इथे आल्यावर एक बायोडाटा तयार केला आणि तोच दिसेल त्या जाहिरातीला पाठवत सुटले, चाळीस तरी झाल्या असतील. बाबांनी जूनपर्यंत मुदत दिली होती. तोवर काही झालं नाही तर बँकेच्या परीक्षेचा क्लास, फॉर्म आणून ठेवलेला. बँकेला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, पण दिवसभर काउंटरपलीकडून लोक आपल्याशी बोलत राहणार, या कल्पनेनेच मी तो फॉर्म पालथा करून ठेवायचे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझी दोन्ही भाषांत गप्प बसायची सोय झाली होती.

मामांच्या गाळ्यावर पाटी नव्हती. ते म्हणायचे, "पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक भाव इचारतं. कुणी सांगितलं म्हणून येणारं गिऱ्हाईक मोटार ठिवून जातं." मोटार आली की ते ती उघडायची घाई करत नसत. आधी एकच प्रश्न: "बंद पडायच्या आधी काय करत व्हती?"

"मामा, मोटार हाय ती, जावई नाय," एक शेतकरी वैतागून म्हणाला होता. "पाणी उपसत व्हती, दुसरं काय करंल?"

"किती वेळ? आवाज काढत व्हती का गप व्हती? चालू कोण करतं, तू का म्हातारी?"

असं सगळं काढून घेऊन झालं की मग पाना हातात. आणि काम झाल्यावर, उपसलेल्या काळ्या तारेची गुंडाळी त्याच मोटारीला बांधून परत द्यायचे. मी एकदा खिडकीतून पाहिलं होतं, एक माणूस म्हणत होता, हा कचरा मला कशाला? मामा म्हणाले, "काय काढलं ते दिसलं, म्हंजी काय घातलं त्याच्यावर इस्वास बसतो."

त्या जिन्यातल्या प्रसंगानंतर चार-पाच दिवसांनी आईने मला चहा घेऊन खाली पाठवलं. आई त्यांना भाऊ म्हणायची आणि माझ्याबद्दल जे मला माहीत नाही तेही त्यांना सांगायची.

"ऐकलंस ना त्या दिवशी?" मामांनी कपाकडे बघतच विचारलं.

"नाही."

"व्हय का. तुमच्या जिन्यात समद्यांच्या चपला वाजत्यात. ज्या टायमाला दार वाजतं आन् चपला वाजत नाईत, तवा तू असतीस."

मी तशीच उभी राहिले. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "आण तुझा कागद. काय लिव्हती ते तरी बघू."

कागद इंग्रजीत होता. तो मराठीत वाचून दाखव म्हणाले. मी सुरुवात केली: "मी परिणामांवर लक्ष देणारी... संघभावनेने काम करणारी... आव्हानांची आवड असलेली..." इंग्रजीत लिहिताना मला यातलं काही खटकलं नव्हतं. मराठीत तिसऱ्या ओळीपर्यंत माझे कान तापले.

"थांब," मामा म्हणाले. "ही तर लग्नपत्रिका झाली. नाव बदललं की कुणालाबी चालती. तू काय दुरुस्त केलं ते कुठंय?"

मी सांगितलं की पुण्यात एका दवाखान्याच्या नोंदणीचं पान उघडायला फार वेळ लागायचा, रांग लागायची, ते मी शोधून काढून ठीक केलं होतं. दोन आठवडे लागले होते.

"हे लिव्हलंय का?"

लिहिलं नव्हतं. इतकं साधं काम लिहायचं असतं, हे मला सुचलंच नव्हतं.

मग त्यांनी मला नोकरी कशी शोधायची ते त्यांच्या पद्धतीने सांगितलं. "जाहिरात आली म्हंजी टँकर आला असं समज. टँकरमागं समदी कॉलनी पळती. तुझा हंडा लई चांगला आसंल, पण नंबर कितवा? टँकर यायच्या आधी ज्याची डायवरसंगं वळख, त्याचा हंडा भरतो. वशिला नाय म्हणत मी. वळख. त्याला म्हाईत पायजे की ह्या गल्लीत एक हंडा हाय."

"पण मी कुणाला ओळखत नाही."

"शनवारी चल."

शनिवारी दुपारी ते गाळा बंद करून आपल्या मोपेडवर एक फेरी मारत. महिन्यापूर्वी दुरुस्त करून दिलेल्या मोटारी कशा चालल्यात ते बघायला, कुणी बोलावलेलं नसताना. "गिऱ्हाईक बोलावतं तवर मोटार जळलेली आसती," हे त्याचं कारण. त्या शनिवारी मी त्यांच्या मागे, तोंडाला स्कार्फ बांधून, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत हिंडले. आई गच्चीतून हात हलवत होती, जणू मी परदेशी निघाले होते.

तिसऱ्या ठिकाणी ठिबकच्या नळ्या विकणारं एक मोठं दुकान होतं. दुष्काळामुळे त्यांच्याकडे रीघ. मामा मागे मोटारीला कान लावून बसले आणि जाता जाता मालकांना म्हणाले, "ही आमची ताई. कम्पूटरचं दुरुस्त करती. तुमचं काय आडतंय का, ते नुस्तं बघू द्या." मी जमिनीत गेले नाही इतकंच.

पण अडत होतं. एकच माल दोघांना विकला जायचा. फोनवर मालक हो म्हणायचे, तोवर मागे गोडाऊन सांभाळणारे कडुबा तीच बंडलं दुसऱ्याच्या टेम्पोत चढवून मोकळे झालेले असायचे. माझ्यासमोरच एक शेतकरी पन्नास किलोमीटरवरून येऊन रिकामा परत निघाला. मी तासभर एका कोपऱ्यात उभी राहून बघत होते. गप्प राहून बघायचं असेल तर मला कंटाळा येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी एकही अर्ज पाठवला नाही. घरी बसून त्या दुकानासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. माल किती आला, किती गेला, किती उरला. देखणा झाला होता. सोमवारी जाऊन त्यांच्या संगणकावर घालून दिला. बुधवारी मामा मला घेऊन बघायला गेले, तर संगणक बंद होता आणि कीबोर्डवर कडुबांचा जेवणाचा डबा ठेवलेला होता.

मला रडू येईल असं वाटलं. मी मामांना हळूच म्हणाले, "चला, जाऊ. त्यांना नकोय."

"मोटार बंद पडली म्हणून कुणी पळून जातं का?" त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "इचार की त्यास्नी. बंद पडायच्या आधी काय करत व्हती?"

"तुम्ही विचारा ना."

"मला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून ते खरंच उठून मोटारीकडे गेले.

मी आणि कडुबा उरलो. कडुबा साठीचे, पांढरी टोपी, बोलायला माझ्याइतकेच अनुत्सुक. शेवटी मीच विचारलं, "काका, कुठे अडलं?"

"आडलं कुठं नाय," ते म्हणाले. "चाललंच नाय. त्ये मीटर इचारतंय. माझ्याकडं मीटरनं कोण येतं? शेतकरी म्हणतो, दोन एकर मोसंबीला पुरंल एवढं दे. झाडं किती लांब लावली ते मी इचारतो आन् बंडलं काढतो. ह्ये डबडं आधी गिऱ्हाईकाचं आडनाव मागतंय. मागं टेम्पो हॉर्न वाजवतोय, आन् मी आडनाव लिव्हत बसू?"

मी वही काढली. त्या दिवशी दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसले. येणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो ते लिहून घेतलं. आडनाव कुणीच सांगत नव्हतं. सगळे एकर सांगत होते, पीक सांगत होते, आणि काही जण फक्त "मागच्यावाणीच" म्हणत होते. घरी येऊन मी अर्ध्याहून जास्त प्रोग्राम पुसून टाकला. नव्या पानावर मराठीत एकर, पीक आणि दोन झाडांमधलं अंतर एवढंच विचारलं, आणि किती बंडलं लागतील व किती उरतील ते आकडे मोठ्या अक्षरात दाखवले; उरलेला आकडा मालकांनाही फोन घेताना दिसेल असं केलं. पुढच्या शनिवारी गेलो तर डबा खिडकीत ठेवलेला होता.

"कसंय काका?"

"बरं हाय," कडुबा म्हणाले. मामांनी मला नंतर सांगितलं की मराठवाड्यात याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

मालकांकडे मला द्यायला नोकरी नव्हती, तसं त्यांनी सरळ सांगितलं. पण त्यांचं बिलाचं सॉफ्टवेअर ज्यांनी केलं होतं, ते शहरातलंच दहा-बारा जणांचं ऑफिस होतं. मालकांनी तिथे फोन लावला. "आमच्या कडुबाला कम्प्युटर लावायला शिकवलं एका मुलीने," असं ते म्हणाले. पलीकडून विचारणा झाली की ती मुलगी सोमवारी येऊ शकेल का. त्यांनी कुठलीही जाहिरात दिलेली नव्हती.

मे महिना संपत आला होता. बाबांनी क्लासचा फॉर्म भरून फक्त माझ्या सहीसाठी टेबलावर ठेवला होता. सोमवारी मामांनी मला मोपेडवरून त्या ऑफिसपर्यंत सोडलं. आदल्या दिवशी मी त्यांना माझा नवा कागद वाचून दाखवला होता. एक पानच होतं, मी काय काय दुरुस्त केलं तेवढंच. ऐकून ते म्हणाले होते, "आता ह्यो कागद दुसऱ्या कुणाला चालायचा नाय." ऑफिसपाशी उतरल्यावर मी त्यांना वर येता का विचारलं. "मी वर येऊन काय करू? खाली ह्यांची मोटार घरघर करती, ती बघतो."

त्या ऑफिसचा जिना मी पुढे पाच वर्षं चढले. मामांचा गाळा मध्यंतरी रस्ता रुंद करताना गेला आणि ते गावी परतले. तिथेही शनिवारी फेरी मारतात, असं त्यांचा भाऊ सांगतो. पण त्या सोमवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. टेबलापलीकडे चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझा कागद वाचला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "स्वतःबद्दल सांगा काहीतरी."

या प्रश्नाचं पाठ केलेलं इंग्रजी उत्तर माझ्याकडे होतं. पुण्यापासून मी तेच म्हणत आले होते. ते तोंडापर्यंत आलंही. खिडकीतून खाली मामा दिसत होते, उकिडवे बसलेले, डोळे मिटून मोटार ऐकत असलेले. शेजारी वॉचमन त्यांच्या उत्तराची वाट बघत उभा होता. मी पाण्याचा एक घोट घेतला.

"मी एक प्रोग्राम लिहिला होता," मी मराठीत म्हणाले, "तो कडुबा नावाच्या काकांनी दोन दिवसांत बंद करून टाकला. त्यांचं बरोबर होतं. का, ते सांगते."