मथूमावशींची खालची कवळी

मथूमावशींना आपली ती पहिली समजूत आठवली की अजून हसू फुटतं. ठाण्याच्या बाजारपेठेत लिऊ नावाच्या चिनी दातवाल्याच्या दुकानात काचेआड कवळ्या मांडलेल्या असायच्या. मावशींना वाटलं, हा मेलेल्यांचे दात उपटून विकतो! पुढे त्याच मेल्याकडून वरची कवळी करून घेतली, आणि गल्लीभर मिरवलीसुद्धा.

लिऊ तरुणपणी आला तो इथलाच झाला. मध्ये आईला शेवटचं बघायला गावी गेला आणि नवा व्हिसा घेऊन परतला. व्हिसावर दिवाळीनंतरची तारीख होती, म्हणून गडी निवांत. एकोणीसशे पंचावन्नच्या श्रावणात पोलिसांनी बोलावलं तेव्हा कळलं, ती नुसती देशात शिरायची शेवटची तारीख. राहायची मुदत वेगळ्या शिक्क्यावर होती, ती केव्हाच संपलेली. वाढवून मागायचं राहूनच गेलं. आता दुकान बंद करून जायचं.

जायच्या आदल्या दिवशी त्याने मावशींची खालची कवळी बसवली.

"टोचतेय रे," मावशी म्हणाल्या. "अजून महिनाभर घासावी लागेल. सांग तुझ्या पोलिसांना, म्हातारी उपाशी मरेल म्हणावं."

"नाय टोचत, मावशी."

"तोंड माझं की तुझं?"

लिऊने मावशींनीच त्याच्या प्रवासासाठी आणलेल्या डब्यातली चकली पुढे केली. "खावा."

चकली कुर्रकन् मोडली. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"टोचली?"

"नाही रे बाबा."

"बोललो होतो," लिऊ म्हणाला, आणि त्याने कानस पुसून पेटीत ठेवली.