शेपटाकडून शिंकणारी म्हैस

तीर्थपुरीजवळच्या आमच्या शाळेत पहिलीच्या पोरांना ‘र्र’ काही केल्या वाचता येत नव्हता. म्हणून मी एक पुस्तकच लिहिलं.

म्हैस पादली ढर्र,
कोंबडी उडाली भुर्र.

चित्रं दुसरीच्या वर्गावरच्या माझ्या मैत्रिणीनं काढली. शेपूट वर केलेली म्हैस, तिच्या मागं जीव घेऊन उडणारी कोंबडी. काढताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “ताई, आजून जोरात पादू द्या तिला!” म्हणत तिनं म्हशीमागं धुळीचा लोट उठवला. पुढच्या पानांवर बोकड, पाहुणे, नवरदेव, सगळे ओळीनं पादले. पोरं ‘र्र’ धडाधड वाचायला लागली. माझ्या हातून झालेलं दुसरं काही मला इतकं आवडलेलं नाही.

मग एका पालकानं तक्रार केली. बैठकीत केंद्रप्रमुखांनी सगळ्या शिक्षकांसमोर पुस्तक दोन बोटांत धरून विचारलं, “हे कोणी केलं?” मी उठले. शेजारी बघते, तर मैत्रीण बसूनच.

“मॅडमनी लिव्हलंय, सर. मी तं त्यांना बिलकुल नका म्हणत व्हते.”

रोज ताई म्हणणारी बाई एकदम मॅडमवर आली. पुस्तक सरांनी ठेवून घेतलं, चित्रांचे मूळ कागद तेवढे तिच्याकडं राहिले. घाबरली असेल बिचारी, असं म्हणून मी तिला मनातल्या मनात माफही करून टाकलं. येडीच मी.

कारण पुढं शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनात तेच पुस्तक छापून टेबलावर मांडलेलं. नाव एकटीचं, तिचं. ‘म्हैस शिंकली फर्र.’ चित्र मात्र जुनंच, शेपूट वर आणि मागं कोंबडी. म्हणजे बाईंची म्हैस शेपटाकडून शिंकत होती, आणि तेच केंद्रप्रमुख वा वा करत होते.

“तुमचं नाव टाकलं असतं तं पुन्हा अडकलं असतं ना, ताई,” ती म्हणाली. वर हसली. साहेबांचं मला काही वाटलं नाही, पण हिनं केसानं गळा कापला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहीत होते, तर मागं कोणीतरी पादलं. मी वळले. “मी न्हाई, मॅडम, हिनं!” सगळ्यांची बोटं एकाच पोरीकडं. ती रडायच्या बेतात. एरवी सगळ्यांत आधी मी हसले असते. त्या दिवशी मी जाऊन तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.