मालिनीबाईंच्या दूर्वा

बाळाजींचा जन्म ओझरच्या विमान कारखान्यात गेला. तिथे स्क्रूचा एक आटा सैल चालत नसे, आणि घरातही त्यांचा खाक्या तोच. निवृत्तीनंतर अंजनेरीच्या पायथ्याला उतारावर घर बांधलं, तेव्हा मागच्या अंगणाची आखणीही त्यांनीच केली. तिथलं पाणी माघ सरता सरता आटतं, म्हणून कोरफड, अडुळसा आणि ठिबकवर दोन पेरू. गवताला थेंब मिळणार नाही, हे त्यांनी बायकोला बजावून ठेवलं होतं.

मालिनीबाईंनी ऐकून घेतलं आणि करायचं तेच केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हातभर जागेत दूर्वा लावल्या आणि रोजचं तांदळाचं धुवण त्यांना घातलं. संकष्टीला देवाला दूर्वा वाहिल्याशिवाय नवऱ्याला चहा मिळत नसे. उन्हाळ्यात दूर्वा वाळल्या की बाळाजी म्हणत, गेल्या तुझ्या दूर्वा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "गेल्या नाहीत हो, झोपल्यात."

दिवाळीनंतर मालिनीबाईच गेल्या. मग धुवण कोण घालणार? चैत्रात खिडकीखालचं ते तपकिरी टक्कल बाळाजींना बघवेना. त्यांनी प्लास्टिकच्या गवताची गुंडाळी आणली आणि न खणता, न उकरता अंगणभर अंथरली. तिला हिरवळ हवी होती ना, मग घे म्हणावं बारमाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. त्यात एवढा हिशेबी माणूस उन्हाला विसरला. गवत इतकं तापायचं की पाय ठेववत नसे. जित्या गवताला पाणी नाकारणारा हा गृहस्थ रोज संध्याकाळी प्लास्टिकवर बादलीभर पाणी शिंपडू लागला.

वैशाखातल्या संकष्टीला ते पूजेला बसले आणि सवयीने दूर्वा मागायला तोंड उघडलं. हाक तोंडातच राहिली. मग स्वतःच मागे गेले, खिडकीखाली वाकले आणि दिसलं ते हिरवं खुडू लागले. नख लावलं तरी पातं तुटेना, तेव्हा कुठे भान आलं. तिची आठवण अशी दाटून आली की ते तिथेच खाली बसले. तिच्या दूर्वांवर आपल्याच हातांनी झाकण घातलं, याची त्यांना लाज वाटली.

सुरी आणून त्यांनी गवताचा तो कोपरा कापला. खाली माती ओलसर होती. पांढुरक्या, सुतासारख्या काड्या तिच्यातून सरपटत गेल्या होत्या, आणि एकीच्या टोकाला तीन फिकट पानं फुटली होती.

ती त्यांनी खुडली नाहीत. त्या दिवशी देव दूर्वांशिवाय राहिला आणि बाळाजी चहाशिवाय. संध्याकाळी नैवेद्याचे तांदूळ धुतले, ते पाणी घेऊन ते खिडकीखाली आले आणि बेताबेताने ओतलं.

"उठल्या गं," खिडकीकडे बघत ते म्हणाले, आणि रिकामं पातेलं हातात धरून उत्तराची वाट बघत राहिले.