यादीत नसलेली फाइल

दादांची फाइल मी मुद्दाम लायब्ररीत टाकली. नवखा होतो, नजरचुकीनं झालं, असं पुढे मी स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं होतं. काय होणार ते मला आधीपासून ठाऊक होतं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आदिलाबादच्या एका जिनिंगच्या ऑफिसात आम्ही दोघं प्रोग्राम लिहायचो. मी जैनथकडचा, नुकताच शिकून आलेला. ते इचोड्याचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना दादा म्हणत. कापसाची आवक, ओलावा, बांधलेल्या गठाणी, असा एकेक रिपोर्ट म्हणजे सी++ मधलं एकेक फंक्शन, प्रत्येकाची फाइल वेगळी. पण मेन्यूवर काय दिसायचं ते मुख्य फाइलीतली एक यादी ठरवायची, आणि ती यादी दादांच्या ताब्यात होती. नवं फंक्शन लिहिलं की त्यांच्याकडे जायचं; ते त्याचं नाव हातानं यादीत घालायचे.

दोन महिने राबून मी ओलाव्याचा रिपोर्ट लिहिला. शेठना दाखवायच्या दिवशी तो मेन्यूवरच नव्हता.

"इसका काम किधर है?" शेठनी विचारलं.

"यादीत नाई तं जगात नाई, शेठ," दादा हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काऊन बे, सांगाचं नाई का? तुह्यी फाइल का माह्या सपनात येऊन सांगन?"

मी सांगितलं होतं. दोनदा. ऑफिसातले सगळे हसले, वजनकाट्यावरून पावती घेऊन आलेला माणूससुद्धा. त्याच दिवशी ठरवलं, आधी यांची यादी मोडायची, मग यांना.

आज काही भाषांमध्ये फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की त्याची नोंद आपोआप होते. त्याला डेकोरेटर म्हणतात. आम्हाला तशी सोय नव्हती. पण सी++ मध्ये ग्लोबल ऑब्जेक्ट मुख्य प्रोग्राम सुरू होण्याआधीच तयार होतं, आणि तयार होताना आपलं काम करून घेतं. मी एक छोटा क्लास लिहिला. प्रत्येक फाइलीच्या तळाशी त्याचं एक ऑब्जेक्ट ठेवायचं, त्याला फंक्शनचं नाव आणि पत्ता द्यायचा. ते स्वतःच जाऊन मेन्यूच्या तक्त्यात नोंद करी. क्लासचं नाव ठेवलं 'हाजर'. आमच्याकडे कचेरीत शिपाई नाव पुकारतो आणि माणूस म्हणतो, हाजर. इथं पुकारणाऱ्याची गरजच उरली नव्हती. शेठ खूश झाले. दादांची यादी मी माझ्या हातानं पुसली.

एक अडचण मात्र होती. फाइल लायब्ररीत, म्हणजे तयार फाइलींच्या गठ्ठ्यात, बांधली तर सगळे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा लिंकर त्यातून तेवढंच उचलतो, ज्याचं नाव दुसऱ्या कुणी घेतलंय. कुणीच नाव घेतलं नाही तर अख्खी फाइल बाहेर राहते. ना एरर, ना इशारा. आणि यादी पुसल्यापासून आमच्याकडे नाव घेणारं कुणी उरलंच नव्हतं. माझीच एक फाइल अशी गायब झाली तेव्हा कारण शोधायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ठरवलं, हे दादांना सांगायचं नाही.

बाकी सगळ्या फाइली मी प्रोग्रामला थेट जोडल्या. दादांचा गठाणींचा रिपोर्ट, ज्यावर त्यांचा फार जीव, तेवढा लायब्ररीत टाकला.

ऐन हंगामात नागपूरचा व्यापारी येऊन बसला. शेठना त्याच्या हातात गठाणींचा छापील तक्ता द्यायचा होता. मेन्यू उघडला, त्यात गठाणी नव्हत्याच.

"आरं, फाइल तं हाय," दादा म्हणत होते. "कंपाइल बी होऊन राह्यली. मंग दिसत काऊन नाई?" व्यापारी उठून गेला तरी ते शोधतच होते. मी शेजारी चहा पीत बसलो होतो. शेवटी म्हणाले, "तू तरी पाह्य ना रे भाऊ."

"यादीत नाई तं जगात नाई, दादा," मी म्हणालो.

पुन्हा सगळे हसले. खोटं कशाला लिहू, तो चहा मला फार गोड लागला.

"इनसे अब नहीं होता," शेठ म्हणाले. "काटे पे बिठाओ." दुसऱ्या दिवसापासून दादा वजनकाट्यावर हातानं पावत्या लिहू लागले. मी मुख्य फाइलीत एक ओळ घातली, दादांच्या फाइलीला नावानं एक हाक. रिपोर्ट परत आला आणि शेठनी माझी पाठ थोपटली. हंगाम संपताच दादा नोकरी सोडून गेले.

दोन वर्षं मी नव्या फाइलीच्या तळाशी 'हाजर' लिहीत राहिलो, आणि दर वेळी ते "तू तरी पाह्य ना" आठवायचं. शेवटी एका सकाळी शेठना सगळं सांगितलं आणि तिथूनच इचोड्याची बस धरली.

दादा रस्त्याकडेला भावाच्या टायरच्या दुकानात होते, पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत. मी उभ्यानंच सांगितलं. लायब्ररी, लिंकर, ती एक ओळ.

"एकच ओळ?"

"हो."

ट्यूब हातातच राहिली. "म्या लय शोधलं रे. घरी कागदावर लिहून लिहून पाह्यलं. मले वाटलं, माह्यं डोकंच गेलं. मंग पुन्हा त्या मशीनले हात नाई लावला." ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवत म्हणाले, "शेठले सांगतलं का?"

"आधी तिथंच सांगून आलो," मी म्हणालो. "डोकं ठीक होतं तुमचं, दादा. फाइल बी ठीक होती. म्या जाणूनबुजून केलं. चुकलो मी. माफ करा मले."