चरा, मंदार आणि तुर्की फौज

"मंदारला आजच काढते," लिंडा म्हणाली. लिंडा माझी बॉस. तिने टेबलावर पेन आपटलं की फिनिक्सपर्यंत हादरे बसतात.

मंदार माझ्या हाताखालचा इन्स्पेक्टर. आमचा ॲरिझोनातल्या चँडलरचा कॉम्प्युटर चिप्सचा कारखाना. वेफर म्हणजे ताटलीएवढी चकचकीत चकती, तिच्यातून शेकडो चिप्स निघतात. चरा दिसला की इन्स्पेक्टरने चकती रिजेक्ट करायची. मंदारने पास केलेल्या चकतीवरच्या चऱ्यातून बैलगाडी गेली असती.

"मंदार, दिसला नाही?"

"दिसला, काका. पण ती लाइन देशपांडेकाका चालवतात. म्हणाले, 'एवढ्या वेळी सांभाळून घे.' दर शनिवारी काकूंकडे जेवतो आम्ही. नाही कसं म्हणू?"

नोकरी गेली की व्हिसाचे साठ दिवस, मग बाडबिस्तरा. त्याची बायको सातव्या महिन्यात. आणि 'सांभाळून घे' लिंडाला समजावताना मला एसीत घाम फुटला. तिने एका शब्दात भाषांतर केलं, "फ्रॉड."

लंचपर्यंतची मुदत मागून मी कॅफेटेरियात गेलो. तिथे एमरे भेटला. आमचा मशीन दुरुस्तीवाला, तुर्कस्तानचा. तिकडे तरुणांना काही महिने सक्तीने फौजेत जावं लागतं. माझं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "मी समुद्रकाठचा. फौजेने मला पार पूर्वेच्या डोंगरात धाडलं. का, सांग?"

"हवापालटाला?"

"गावातच ठेवलं आणि जमाव हटवायचा हुकूम आला, तर पुढे उभा मामा! काठी उचलेल कोणी? शिवाय घर जवळ असलं की पोरं आईच्या हातचं खायला पळतात. सरकार सांगतं, देश बघा, सगळ्यांत मिसळा. तेही खरंच. पण मुख्य भीती मामाची."

मी तसाच उठलो. "लिंडा, त्याला काढू नको. हायवेपलीकडच्या बिल्डिंगमध्ये टाक. तिथे त्याला मराठीत विनवणारं कुणी नाही."

"तीन महिने," ती म्हणाली. "एक चरा सुटला तर तुम्ही दोघंही घरी."

मंदारने तिथे असा दरारा बसवला की त्याला बघून चकत्या आपणहून चरे दाखवायला लागल्या. लिंडा चक्क हसली. शपथेवर सांगतो, त्या दिवशी भर जूनमध्ये ॲरिझोनात गारवा होता.

तिसऱ्या महिन्यात मंदार धावत आला. "काका, मला हलवा! तिथली लाइन लीड रोझामावशी रोज घरचे तमाले आणते, मेक्सिकोच्या मक्याच्या पातोळ्याच. आज म्हणाली, 'बाळा, एवढी एक चकती बघ ना.' मी रिजेक्ट केली, पण आधी दोनदा 'पास'वर बोट गेलं हो."

एमरेला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. "आम्हालाही असंच हलवायचे. माझ्या बाबतीत उशीर झाला. माझी बायको त्याच डोंगरातली."

आता आमचे सगळे इन्स्पेक्टर दर तीन महिन्यांनी बिल्डिंग बदलतात. लिंडा त्याला 'माझी पॉलिसी' म्हणते. मंदार टिकला, मुलगी चँडलरमध्येच झाली, बारशाला दोन्ही बिल्डिंगी लोटल्या.

माणसाला लांब टाकणं सोपं. त्याला परका ठेवणं मात्र अजून कुठल्या सरकारला जमलेलं नाही, लिंडालाही नाही.